वाचनालयाची भिंत: एका कामाची वही

२ जुलै

आज अण्णांनी (वाचनालयाचे अध्यक्ष, वय ७८, आवाज २८ चा) बोलावून घेतलं. आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या वाचनकक्षातली लांब भिंत मोकळी झाली आहे. तिथली जुनी कपाटं वाळवीने खाल्ली. "तुम्ही इतकी वर्षं कासच्या पठारावर जाता, ढीगभर फोटो काढता. चौदा फोटो द्या, भिंत भरून टाकू." मुदत १५ ऑक्टोबर, वाचन प्रेरणा दिन. पैसे पंचवीस हजार, तेही एका देणगीदाराने दिलेत म्हणून.

मी लगेच हो म्हणाले. बँकेत तीस वर्षं लोकांच्या कर्जाचे अर्ज नीट वाचून मगच सही केली, आणि इथे भिंत न बघताच हो. घरी येऊन हार्ड डिस्क उघडली तेव्हा लक्षात आलं, माझ्याकडे अकरा हजार फोटो आहेत आणि त्यातला एकही बारा बाय अठराहून मोठा मी कधी छापलेला नाही.

५ जुलै

टेप घेऊन गेले. भिंत २२ फूट लांब, १० फूट उंच. भिंतीला समांतर वाचनाची टेबलं, मधे जायला-यायला जेमतेम साडेतीन-चार फूट. म्हणजे माणूस फोटोपासून चार फुटांहून लांब जाऊच शकत नाही. मागे सरकला तर कोणाच्या तरी खुर्चीत बसेल.

सगळा हिशेब इथूनच सुरू होतो. फोटो एका नजरेत मावायला त्याच्या कर्णाच्या दीडपट तरी अंतर लागतं. २० × ३० इंच फोटोचा कर्ण ३६ इंच, दीडपट म्हणजे ५४ इंच, साडेचार फूट, इथल्या चार फुटांहून थोडं जास्तच. तेव्हा २० × ३० ही इथली कमाल मर्यादा, आणि तीही एकाच फोटोला. अण्णांच्या मनात 'पाच फुटी' फोटो आहेत. पाच फुटी फोटो चार फुटांवरून बघणं म्हणजे सिनेमाला पहिल्या रांगेत बसण्यासारखं.

समितीतल्या एकांचं म्हणणं, फ्लेक्स करून टाका, चौरस फुटावर पैसे, दोन दिवसांत काम. मी म्हटलं, फ्लेक्सवर आपल्याला फक्त भाऊंचे वाढदिवस बघायची सवय आहे. तिथे तेरडा लावला तर लोक खाली शुभेच्छुकांची नावं शोधतील. हसले, पण कल्पना अजून मेलेली नाही.

१२ जुलै

निवड. आठ दिवस रोज रात्री दोन तास. अकरा हजारांचे तीनशे केले, तीनशेचे चाळीस. चाळिसावर अडकले.

शेकरूचा फोटो सगळ्यात लाडका. महाबळेश्वरला जांभळीच्या फांदीवर, शेपूट खाली सोडलेली, डोळ्यात आकाश. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, पूर्ण चित्र ६००० × ४००० पिक्सेल. पण शेकरू लांब होतं, कापून कापून हातात उरले २४०० × १६००. बारा इंच रुंद छापला तर इंचाला २०० पिक्सेल, ठीक आहे. चोवीस इंच केला तर १००, म्हणजे जवळ गेलं की केसांची लापशी. ८ × १२, विषय संपला.

उलट तेरड्याचा गालिचा न कापलेला, तिपाईवर घेतलेला. २० × ३० ला इंचाला २०० पिक्सेल मिळतात. मोठा करायचा तो हाच.

१९ जुलै

पाऊस धो धो. वाचनालयात गेले ती केवळ भिंतीला हात लावायला. ग्रंथपाल बाईंनी विचारलं, "काय बघताय ताई?" म्हटलं, ओल. डावीकडच्या टोकाला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंग फुगलाय, नखाने पापुद्रा निघतो. पलीकडच्या बोळातली पन्हळ फुटली आहे. त्या टोकाच्या पाच फूट लांबीत काहीही टांगायचं नाही. २२ चे १७ फूट झाले आणि चौदाचे अकरा फोटो. अण्णांना सांगायचं बाकी.

पावसाळ्यातच भिंत बघितली हे बरं झालं. मे महिन्यात ही भिंत सज्जन दिसली असती.

३० जुलै

समितीची बैठक. अकरा फोटो लॅपटॉपवर दाखवले. चापड्यावरून वाद. आंबोलीला रात्री काढलेला चापडा, हिरवागार, फांदीला वेटोळं, मागे पूर्ण काळोख. "मुलं घाबरतील. वाचनालयात साप कशाला?" काल नागपंचमी झाली. हेच लोक काल पाटावर नाग काढून दूध-लाह्या दाखवत होते. बोलले नाही. ग्रंथपाल बाई बोलल्या: "मुलांनी सापाची पुस्तकं फाटेपर्यंत वाचलीत. त्यांना हाच आवडेल." चापडा राहिला.

दुसरा वाद सीतेच्या आसवांवरून. हा वाद मी हरले तर सगळं हरले, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

सीतेची आसवं हे जांभळट निळं फूल तुमच्या करंगळीच्या नखाएवढं. वनस्पती कीटकभक्षी. ओल्या मातीत तिच्या मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात, त्यात पाण्यातले सूक्ष्म जीव ओढून घेते, कारण कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर इतका पातळ की पोटाला दुसरं काही मिळत नाही. गुडघे टेकून नाक जमिनीला लावल्याशिवाय ते फूल दिसत नाही. अण्णा म्हणाले, म्हणूनच मोठं करा, तीन फुटी, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

माझं म्हणणं उलटं आहे. तीन फुटी केलं की ते ऑर्किड होतं, दवाखान्यातल्या भिंतीवरचं. ६ × ९ इंच छापायचं, भोवती रुंद पांढरा माउंट (फोटोभोवतीचा पुठ्ठा), फ्रेम १६ × २०. बघायला जवळ जावं लागेल, वाकावं लागेल. पठारावर जे करावं लागतं तेच. अण्णा: "एवढ्या मोठ्या फ्रेममधे पोस्टकार्डाएवढा फोटो? कागदाचे पैसे वाया." निर्णय पुढच्या बैठकीत.

६ ऑगस्ट

गावातल्या लॅबमधून पाच फोटोंचे नमुने आणले. सगळे काळपट. तेरडा तर वांग्याच्या भरतासारखा.

लॅबच्या पोराला झापणार होते. घरी येऊन बघितलं तर दोष माझा. लॅपटॉपचा उजेड शंभर टक्क्यांवर. रात्री अंधाऱ्या खोलीत त्या झगमगाटात फोटो 'दुरुस्त' करत बसले होते. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. मग जुनी युक्ती केली: टेबलावरच्या दिव्याखाली कोरा पांढरा कागद धरला, शेजारी पडद्यावर कोरं पांढरं पान उघडलं, आणि दोन्ही पांढरे सारखे दिसेपर्यंत पडद्याचा उजेड उतरवला. चाळीस टक्क्यांच्या खाली आला. आता तेच पाच फोटो पडद्यावरही काळपट. सगळ्यांवर पुन्हा काम.

लॅबची एक खोड मात्र खरी. शेकरूचा ८ × १२ सांगितला होता, त्यांनी ८ × १० मारला आणि शेपटीचा झुपका कापला. विचारलं तर म्हणे, "मॅडम, मशीनने ऑटो घेतला." पुढच्या वेळी फाइलभोवती बारीक पांढरी रेघ देणार. रेघ कापली गेली की तिथल्या तिथे कळेल.

१० ऑगस्ट

जांभळा. सबंध रविवार जांभळ्यात गेला.

तेरड्याचा गुलाबी-जांभळा आणि आसवांचा निळा-जांभळा, दोन्ही कॅमेऱ्याला जड जातात आणि कागदाला त्याहून जड. लॅबला एसआरजीबी फाइल लागते, म्हणजे ठरावीक रंगांचाच डबा; त्या डब्यात हे रंग मावतच नाहीत. सॉफ्टवेअरमधे कागदाचं प्रोफाइल (तो कागद कुठले रंग दाखवू शकतो त्याची नोंद) लावून 'छापता न येणारा रंग' दाखवायला सांगितलं, तर गालिचाभर राखाडी डाग. म्हणजे जो फोटो लोकांनी 'वा वा' करून डोक्यावर घेतला, त्यातला अर्धा रंग कागदावर येऊच शकत नाही.

पहिली बुद्धी होते रंग आणखी चढवायची. चढवला की पाकळ्यांवरच्या शिरा, सावल्या सगळं सपाट होतं. लाल आणि निळा दोन्ही कळसाला जाऊन बसतात, मग एका पाकळीत आणि दुसरीत फरक उरत नाही. शेवटी उलटं केलं. जांभळ्याचा भडकपणा बराच उतरवला, त्याची छटा किंचित निळ्याकडून गुलाबीकडे सरकवली आणि भोवतालच्या गवताचा हिरवा थोडा मळवला. हिरवा मळला तसा तेरडा उठून आला. नवरा मागून बघत होता. म्हणाला, "आता फुलं मोजता येतायत."

२३ ऑगस्ट

पुण्याला. तिथल्या एका स्टुडिओत पिगमेंट शाईवर, चांगल्या कागदावर छापून देतात. अकराच्या अकरा इथे छापणं परवडणार नाही. चार इथे, सात लॅबमधे, असा बेत.

एकाच १२ × १८ च्या कागदावर सहा फोटोंचे छोटे तुकडे मांडले आणि तोच तक्ता तीन कागदांवर मारून घेतला: सुती मॅट (चमक नसलेला, चौरस मीटरला ३०८ ग्रॅम, हातात घेतला की कापडासारखा), बरायटा (किंचित चमकीचा, काळा गडद येणारा) आणि साधा लस्टर (हलक्या चमकीचा). फोटो आखेच्या आखे छापून पैसे घालवण्यापेक्षा हे फार बरं.

सुती कागदाच्या मी प्रेमात पडून गेले होते. पण त्याच्यावर काळा रंग काळा येत नाही, कोळशाची राख येते. चापड्याचा काळोख फिका पडला, तेरडा झोपला. मात्र बामणोलीकडे उतरताना काढलेला धुक्याचा पॅनोरमा, खाली शिवसागरचं पाणी, वर ढग, मधे कुठे रेघच नाही, तो त्या कागदावर असा आला की काउंटरवरचा मुलगाही दोन मिनिटं गप्प. धुक्याला काळा लागतच नाही.

ठरलं: पॅनोरमा १२ × ३६ सुती कागदावर. तेरडा आणि आसवं बरायटावर. वायतुराही बरायटावर, १२ × १८. त्याचा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला फिकट तुरा कागदाच्या पांढऱ्यात हरवू नये म्हणून. बाकी लॅबमधे लस्टरवर. चकचकीत कुठेच नाही. काच लागणारच आहे, तिच्यामागे ग्लॉसी आणि लस्टर सारखेच दिसतात. फक्त ग्लॉसीवर बोटं उठतात.

११ सप्टेंबर

गुरुवार, गर्दी नाही. सकाळी साडेसहाला यवतेश्वरच्या घाटातून वर. पिशवीत कॅमेरा नाही, नमुन्यांचे तक्ते.

हे करायचं बरेच दिवस मनात होतं. पायवाटेवरूनच, पाय बाहेर न टाकता, वाटेच्या कडेच्या तेरड्याशेजारी कागद धरला. ढगाळ उजेड. पाकळीवर थेंब, कागदावर थेंब नाही, इतकाच फरक असं क्षणभर वाटलं. मग ढग सरकला, ऊन पडलं आणि खरं फूल पेटलं. कागद होता तिथेच राहिला. उजेड फुलाच्या पाकळीतून आरपार जातो, कागदावरून नुसता परत येतो. त्याला इलाज नाही. ढगाळ उजेडातलं फूल हेच माझं माप, असं तिथेच ठरवून टाकलं.

आसवांशेजारी गुडघे टेकले. छापलेलं फूल खऱ्याच्या दहापट. तरी ६ × ९ चा आकार बरोबर वाटला, कारण हातात धरून वाकून बघण्याचं अंतर तेच होतं. नवऱ्याने त्या अवस्थेतला माझा फोटो काढला, पाठीमागून. तो अण्णांना पाठवला. बैठकीत हाच पुरावा.

परतताना सरळ वाचनालयात. तेच तक्ते भिंतीवर धरले आणि तोंड कडू झालं. वरची ट्यूबलाइट निळसर पांढरी, ६५०० केल्विनची (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळा), स्वस्तातली. तिच्याखाली तेरडा मेलेला. पठारावर जो कागद फुलाशी बरोबरी करत होता तो इथे शिळ्या बिटासारखा. कागद बदलून उपयोग नव्हता. पैसे दिव्यावर घालवायला हवेत.

१३ सप्टेंबर

हिशेब पुन्हा मांडला. छताला पट्टी आणि तिच्यावर सहा दिवे, ४००० केल्विन, सीआरआय ९० च्या वरचे. सीआरआय म्हणजे तो दिवा रंग किती इमानदारीने दाखवतो त्याचा आकडा. बाजारात 'वॉर्म की कूल' इतकंच विचारतात. खोक्यावर सीआरआय छापलेला नसेल तर घ्यायचा नाही. दिवे भिंतीपासून इतके दूर की उजेड वरून साधारण तीस अंशांत पडेल. जास्त जवळ आले तर फ्रेमची सावली फोटोवर, जास्त लांब गेले तर वाचणाऱ्याची.

दिव्यांसाठी दोन फोटो गेले. अकराचे नऊ. अण्णांना फोन केला. आधी कुरकुर, मग म्हणाले, "तो तुमचा लोटांगणाचा फोटो बघितला. करा तुमचं ते पोस्टकार्ड."

२२ सप्टेंबर

फ्रेमवाले चाचा. गणपतीत त्यांना श्वास घ्यायला सवड नव्हती, म्हणून आता. त्यांच्या दुकानात साईबाबा, लग्नाचे जोडपे आणि नगरसेवक एकाच पट्टीत बसतात. माणूस कसबी, चाळीस वर्षं पंचेचाळीस अंशांची काप डोळ्याने मारतोय.

पट्टी साधी, काळी लाकडी, पाऊण इंचाची. फायबरची सोनेरी त्यांनी तीनदा दाखवली. माउंट पांढरा नाही, किंचित दुधाळ, कारण बरायटाचा पांढरा तसाच आहे. शुभ्र माउंटमधे तो मळका दिसतो. माउंटच्या खालची बाजू वरच्याहून अर्धा इंच जास्त, नाहीतर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो.

चापड्याला काच नाही. काळ्या फोटोवर काच म्हणजे आरसा. समोर खिडकी आहे, सापाऐवजी स्वतःचं तोंड दिसेल. तो लॅबकडून मॅट लॅमिनेशन करून एमडीएफच्या फळीवर चिकटवून घेतला, नुसता.

२७ सप्टेंबर

घोटाळा. पॅनोरमा चाचांनी फेव्हिकॉल लावून हार्डबोर्डवर चिकटवला. सगळा. प्रेमाने, एकही फुगा न ठेवता. सुती कागद दमट हवेत वाढतो, कोरड्यात आक्रसतो, आणि खालचा बोर्ड त्याच्या तालावर नाचत नाही. चार दिवसांत मधोमध लाट आली. धुक्यातून डोंगर उगवावा तशी.

चूक चाचांची म्हणवत नाही. चिकटवू नका हे मी सांगितलंच नव्हतं. इतकं उघड आहे असं धरून चालले होते. ते बिचारे पैसे घेईनात. पॅनोरमा पुण्याहून पुन्हा मागवला. या वेळी त्यांच्या बाकड्यावर बसून करून दाखवलं: आम्लरहित कागदी टेपचे दोन तुकडे, फक्त वरच्या कडेला, बिजागरीसारखे. बाकी कागद मोकळा लटकतो, त्याला हवं तसं फुगू-आटू दे. काच थेट कागदाला टेकायची नाही, मधे माउंटची जाडी हवी. टेकली तर पावसाळ्यात शाई काचेला चिकटते आणि मग ना फोटो उरतो ना काच. चाचा बघत होते. म्हणाले, "म्हणजे कॅलेंडरसारखं टांगायचं." अगदी तसंच.

८ ऑक्टोबर

दिवे लागले. ट्यूब बंद करून पहिल्यांदा दिवे लावले तेव्हा ग्रंथपाल बाई चष्मा पुसायला लागल्या.

चिठ्ठ्या तयार. मराठी नाव मोठं, खाली दोन ओळी, महिना आणि तालुका. नेमकी जागा कुठेच नाही; गेल्या काही वर्षांत नेमकी जागा कळली की लोक सेल्फी काढायला फुलांवर बसतात. कास २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे, ही ओळ अण्णांच्या आग्रहाखातर पॅनोरमाखाली.

१२ ऑक्टोबर

टांगणी. फोटोचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर, असा सर्वसाधारण नियम. पण इथे निम्मे वाचक पोरं. आसवं आणि दवबिंदू (तीही कीटकभक्षी वनस्पती) हे दोन छोटे फोटो ४८ इंचांवर आणले. मोठ्यांनी वाकावं. प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाच्या चकत्या, म्हणजे फ्रेम आणि भिंत यांच्यात हवा खेळेल.

जुनी भिंत, चुन्याची. ड्रिल लावलं की भोक पडत नाही, खड्डा पडतो. एका फोटोपायी चार खड्डे. पुट्टी भरून रंगाचा हात मारला, तो वेगळा दिसतोय. दिसू दे.

१४ ऑक्टोबर

सगळं झालं म्हणून चहा प्यायला बसलो. पावणेपाच वाजता पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची पट्टी आत आली, टेबलावरून चढली आणि बरोबर तेरड्यावर जाऊन थांबली. जुलैपासून इतक्या खेपा घातल्या, ऊन आत येतं हे कधी दिसलंच नाही, कारण तेव्हा ऊनच नव्हतं. रोज पाऊण तास असं ऊन खाल्लं तर माझा जांभळा किती दिवस टिकेल?

तेरडा उतरवला. त्या जागी पॅनोरमा? नको, तोही सुती कागद. चापडा नेला तर ऊन लागून एमडीएफ वाकेल. शेवटी तिथे काहीच नाही, रिकामी जागा आणि दोन खिळे. तेरडा दाराजवळ, जिथे तो मला कधीच नको होता.

रात्री नऊला अण्णांचा फोन: उद्या साडेदहाला कार्यक्रम, भिंतीवर मधेच भोक कसं काय? म्हटलं, पडदा लागला की भरेल. खिडकीचं माप घेतलंय, ४ × ५ फूट. जाड कापड, अस्तर पांढरं, रंग कुठलाही चालेल, जांभळा सोडून.